घोडेस्वाराच्या हातातलं शिर

१

सर्वपित्री अमावास्येची सकाळ होती. रत्नमाला वाकळे यांच्या घरी वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. कढीला उकळी फुटत होती, वड्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, असाल तशा या," पलीकडून विशाखा साळुंके बोलत होती. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत एका विश्वस्त मंडळाचं छोटं शिल्पसंग्रहालय उद्या, घटस्थापनेला उघडायचं होतं. विशाखा तिथली प्रमुख, बाईंच्या जुन्या ओळखीतली. "मुंडकं कापून नेलंय हो!"

रत्नमालाबाईंच्या हातातली पळी तिथंच थांबली. उभी नोकरी पोलिसात काढून त्या निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. "कुणाचं?"

"दगडाचं."

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. पण त्या पोरीचा श्वास ऐकूनच बाईंनी गॅस बारीक केला, भावजयीला पुढचं सांगितलं आणि रिक्षा पकडली.

संग्रहालयाच्या मागच्या दालनात छातीएवढा उंच काळा वीरगळ उभा होता. लढाईत पडलेल्या वीराच्या नावानं जुन्या काळी गावाबाहेर असा दगड उभारत. यावर एकावर एक तीन चौकटी होत्या. खालच्या चौकटीत घोडेस्वार, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेले दोन पुरुष. घोडेस्वाराच्या डाव्या हातात एक तुटलेलं शिर होतं. होतं म्हणजे काल संध्याकाळपर्यंत. आता त्या जागी काळ्याभोर दगडात ताजी राखाडी जखम दिसत होती.

रत्नमालाबाईंनी खरी प्रेतं कमी पाहिली नव्हती. तरीही शेकडो वर्षं मूठ आवळून बसलेल्या त्या हाताकडे त्यांना बघवेना.

त्या खाली वाकल्या. फरशीवर दगडाचा भुगा, त्यावर बारीक काळे कण, बाजूला टाकलेली छिन्नी. जखमेच्या कडेला बोट फिरवल्यासारखा पिवळट डाग. आणि वर, घोडेस्वाराच्या उजव्या कानाशी, नखाएवढा एक टवका उडालेला.

"हा टवका जुना?"

"नाही. काल नव्हता. छिन्नी निसटली असेल."

बाईंनी घोडेस्वाराचा कान आणि त्याचा हात यांतलं अंतर मोजलं, वीतभर भरलं, आणि त्या उठल्या.

"चोरायचं तर सबंध दगड सोडून एवढंसं शिरच का?"

विशाखानं ओठांवरून जीभ फिरवली. "लढाईत शिर नेणं म्हणजे नुसतं ठार मारणं नव्हतं, मॅडम. बिनशिराच्या धडाला ओळखणार कोण? त्याला अग्नी देणार कोण? शिर नेलं की माणसाचं नाव नेलं. म्हणून जिंकणारे मुंडकी भाल्यावर मिरवायचे, वेशीवर टांगायचे. वेरूळच्या चामुंडेच्या गळ्यात नरमुंडांची माळ दिसते ना? तिच्यापुढं कुणी नावं उरत नाहीत, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो."

"म्हणजे ज्यानं हे नेलं..."

"त्याला कुणाचं तरी नाव मिटवायचं असेल."

एवढं बोलून ती आणखी काही सांगणार होती, पण गप्प झाली. बाईंनी ते टिपून ठेवलं.

"कुलूप?"

"तेच तर. कुलूप शाबूत आहे. आणि किल्ल्या तिघांकडेच आहेत."

२

तिघांपैकी एक स्वतः विशाखा. दुसरा मुनीब शेख, खुलताबादहून येणारा, दगडांची सफाई-डागडुजी करणारा कारागीर. आणि तिसरे, ते दार ढकलून आत आलेच. गोकुळराव ढवळे, बांधकामाचे ठेकेदार, विश्वस्त मंडळाचे सदस्य. वीरगळ त्यांच्याच गावचा, पैठण रस्त्यावरच्या ढवळेगावचा. गावाची समजूत काढून तो त्यांनीच इथं आणवला होता.

"त्या शेखच्या हातात छिन्नी दिली कुणी? मी पहिल्यापासून नको म्हणत होतो!" ते ओरडले. मग बाईंना पाहून आवाज उतरला. "ताई, आमच्या घराण्याची अब्रू आहे ही. हा घोडेस्वार आमचा मूळपुरुष."

"आणि ते शिर?"

"फितुराचं. लुटारूंना वेस उघडून दिली त्यानं. आमच्या पुरुषानं त्याला गाठून त्याचं मुंडकं उतरवलं आणि गावात आणलं. त्याचे वंशज आजही गावात आहेत. मुंडकतुटे म्हणतात त्यांना."

"तोंडावर?"

"गाव म्हणतं, मी एकटा थोडाच?" गोकुळरावांनी नजर वळवली. "त्यातलीच म्हातारी गोजरबाई काल टेम्पोमागं एस.टी.नं आली. दिवसभर इथं बसून होती. शेखनं तिला चहा पाजला. दोघांचं काय शिजलं ते शोधा. नाहीतर तुम्हीच सांगा, ते एवढंसं डोळे मिटलेलं मुंडकं दुसऱ्या कुणाच्या काय कामाचं?"

"तुम्ही काल किती वाजेपर्यंत होतात?"

"सकाळी दगड उतरवला आणि गेलो. पुन्हा इकडे फिरकलोसुद्धा नाही." त्यांनी फोन काढला. "मी पोलिसांना बोलावतोय. आधी त्या मुनीबला आत टाकू द्या, मग बघू."

"बोलवा. बोलवायलाच पाहिजे," बाई म्हणाल्या. "पण त्याच्याशी मी आधी बोलते."

मुनीब बाहेरच्या पायरीवर बसला होता. दारात गल्लीतली माणसं जमायला लागली होती आणि त्यातला एक जण त्याचा फोटो काढत होता.

३

"छिन्नी माझीच आहे, मॅडम," मुनीब म्हणाला. वय पस्तिशीच्या आतबाहेर, बोटं दगडासारखी चरबरीत. "पण मी दगड जोडतो. तोडायला हात नाही वळत माझा. पेटी मागं उघडीच असते, कुणी पण घेईल."

"काल काय काय झालं?"

"शेंदूर उतरवला. बोटभर थर होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा. गावातल्या कुणी स्वाराचं नि त्या शिराचं तोंड बघितलंच नव्हतं, नुसता लाल गोळा दिसायचा. हळद, तेल, सगळं धुतलं. संध्याकाळी पाणी मारलं तर दगड आरशासारखा झाला."

"हळदीचा एक डागसुद्धा राहिला नव्हता?"

"कसम से, एकसुद्धा नाही."

म्हणजे जखमेवरचा पिवळा डाग नंतरचा. बाईंनी रुमालात बांधून आणलेले काळे कण काढले. त्यांना आधी ती खडी वाटली होती. त्यातला एक त्यांनी नखांमध्ये दाबला. नख तेलकट झालं.

तीळ! हळद आणि तीळ, तेही पितृपक्षात, अमावास्येच्या आदल्या रात्री. कुणीतरी त्या शिराचं श्राद्ध घातलं होतं.

"गोजरबाई काय बोलली तुझ्याशी?"

मुनीब घुटमळला. "आजी दिवसभर कोपऱ्यात बसली होती. चेहरा धुतला तेव्हा जवळ आली. म्हणाली, मला बारीक दिसत नाही रे बाबा, त्याचे डोळे उघडे हायेत का मिटलेले? मी म्हटलं, मिटलेत, आजी. शांत झोपल्यासारखे. ती लई रडली."

"आणि तू तिला किल्ली दिलीस?"

"नाही!" तो ताडकन उठला. मग पुन्हा खाली बसला आणि नजर चुकवत पुटपुटला, "मी किल्ली नाही दिली. मी... दुसरं काही सांगायचं आहे, पण आता नको."

पोलिसांची गाडी गल्लीत शिरली. ठाण्याचा तरुण अधिकारी एके काळी बाईंच्या हाताखाली होता. मुनीबला ठाण्यात न्यावं लागेल, असं तो अवघडून म्हणाला. मुनीब गाडीत बसला. गुन्हा नोंदवण्याआधी बाईंनी दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि गोजरबाई उतरली होती त्या भाचीच्या घरी फोन लावला.

"मावशी पहाटंच गेली," भाची म्हणाली. "पैठणला, गंगेवर. छातीशी काहीतरी गुंडाळून धरलं होतं बगा. मी हात लावला तर वसकन अंगावर आली."

४

पैठणला गोदावरीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गुडघाभर पाण्यात उभी माणसं, पिंडांवर झडप घालणारे कावळे, ओल्या धोतरांचे पिळे. विशाखाच्या गाडीतून उतरून बाई पायऱ्या अक्षरशः पळत उतरल्या. म्हातारी शेवटच्या पायरीवर सापडली. हिरवं लुगडं, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल.

"गोजरबाई, ते पाण्यात सोडू नका!"

म्हातारीनं वर पाहिलं. न बोलता फडकं सोडलं. आत नारळ होता.

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. पण विचारणं भाग होतं. शिर नेल्याचं त्यांनी सांगितलं, तशी म्हातारीच्या हातातून नारळ घरंगळून पाण्यात गेला.

"नेलं? कुणी नेलं? माझ्यावर आळ हाय का?"

"तुम्ही नेलंत का?"

"नेलं असतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? काल मनात आलं व्हतं. त्याला घिऊन यावं, गंगेत सोडावं. किती वर्सं लोंबकळायचं त्यानं असं? पण म्या घाबरट. नुसता नारळ आणला त्याच्या नावानं."

"एवढी ओढ का त्या दगडाची?"

गोजरबाईनं रिकाम्या फडक्याची घडी घालून मांडीवर ठेवली.

"तो दगड वेशीवर व्हता. आमच्या घरच्या गड्यांनी त्याच्यापुढून बोडक्यानं जायचं, ही रीत. मुंडकतुट्याला फेटा कशाला, म्हनायचे. माझ्या कडुबाचं लगीन झालं. पोरगं घोड्यावर, डोक्याला गुलाबी फेटा. म्हनलं, आई, आज नाय उतरवायचा. वेशीपाशी गोकुळ उभाच व्हता. त्यानं काठीनं फेटा उडवला. घोडं बुजलं, पोरगं खाली मातीत पडलं. नव्या नवरीपुढं. सगळं गाव हसलं, बाई." तिनं पदर तोंडाला लावला. "सकाळी दोघं गेली. चाकणला कंपनीत हाय तो. परत पाय नाय ठिवला त्यानं गावात. मेल्यावर तरी येशील का, म्हनलं, तर गप बसला."

शेजारी एक भटजी कुणाकडून तर्पण करून घेत होते. पत्रावळीवर काळे तीळ होते. बाईंची नजर तिथं गेली आणि तिथंच खिळली. त्यांनी रुमाल सोडला, आपले कण त्या तिळांशेजारी धरले.

तीळ चपटे, थेंबासारखे. रुमालातले दाणे लांबट, बारीक, चकचकीत.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ही तर कारळं आहेत!"

सकाळीच त्यांनी स्वतःच्या हातानं श्राद्धाचे तीळ निवडले होते. कारळाची चटणी होते, पितरांना कुणी कारळं वाहत नाही. जी बाई वर्षानुवर्षं घरचं श्राद्ध करत आली, ती अंधारातसुद्धा ही चूक करणार नाही. हे दाणे अशा माणसानं टाकले होते, ज्यानं स्वयंपाकघरातला डबा आयुष्यात पहिल्यांदा उघडला होता आणि ज्याला हे सगळं गोजरबाईच्या अंगावर ढकलायचं होतं.

त्याच क्षणी विशाखाचा फोन वाजला. ठाण्यातून मुनीब होता. "मॅडमना द्या. मला आता सांगायचंय. ते शिर माझ्याकडं आहे."

५

दुपारी सगळे त्याच दालनात जमले. तरुण अधिकाऱ्यानं मुनीबला ठाण्यातून आणलं होतं. गोजरबाई खुर्चीवर. गोकुळराव दाराशी येरझाऱ्या घालत होते. मुनीबनं पिशवीतून एक पांढरी वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली.

प्लास्टरचा ठसा होता तो. घोडेस्वाराचा चेहरा आणि त्याच्या हातातलं शिर, दोन्ही.

"शाडू दाबून साचा घेतला काल," मुनीब म्हणाला. "असं करायला मनाई आहे, म्हणून बोललो नाही. माझी अम्मी, नजमुन्निसा, तिला दिसत नाही. मी दिवसभर काय करतो ते तिला हातानं बघायचं असतं. घरी प्लास्टर ओतून वाळत ठेवलं होतं. ठाण्यातून भावाला सांगून मागवलं."

रत्नमालाबाई ठशावर वाकल्या. दोन चेहरे. तीच रुंद कपाळं, त्याच पिळदार मिशा. आणि दोघांच्या कानात तीच मोठी कुंडलं, मधोमध फूल कोरलेली.

त्यांनी वीरगळावरच्या त्या टवक्याकडे बोट केलं. "मला सकाळपासून हा कान छळत होता. शिर इथं खाली आणि निसटलेली छिन्नी वीतभर वर कशी जाईल? ती निसटली नव्हतीच. चोराला दोन गोष्टी नष्ट करायच्या होत्या. शिर आणि हे कुंडल. विशाखा, आता सांग, तू काय दाबून ठेवलंयस?"

विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काल संध्याकाळी दगड धुतल्यावर माझ्या लक्षात आलं. हा घोडेस्वार लढाईकडे जात नाहीये, लढाईतून परत येतोय. त्याच्या पाठीत बाण आहेत. आणि त्यानं शिर केसांना धरून लोंबकळत ठेवलेलं नाही, छातीशी धरलंय. शत्रूचं मुंडकं असं कुणी धरत नाही. वरच्या चौकटीत लिंगापुढं दोघं आहेत. त्यातला एक पुजारी असेल, असं मी धरून चालले होते. पण त्या दोघांच्याही कानात हीच कुंडलं आहेत. शत्रू शिर नेतात ते नाव मिटवायला. इथं आपल्याच माणसानं ते परत आणलंय, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. स्वतः मरता मरता."

"म्हंजी?" गोजरबाईनं विचारलं.

"म्हणजे तो फितूर नव्हता, आजी. भाऊ असावा त्याचा. दगड दोघांचा आहे."

म्हातारी खुर्चीतून ठशाकडे वाकली.

"हे तू कुणाला सांगितलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"फक्त गोकुळरावांना, फोनवर. ते म्हणाले, खात्री होईपर्यंत कुठं बोलू नका. सकाळी शिरच गेलेलं. पुराव्याशिवाय मी काय बोलणार होते?"

"कुंडलांचं सांगितलंस. डोळ्यांचं?"

"नाही. डोळ्यांचा विषयच निघाला नाही."

रत्नमालाबाई वळल्या. "गोकुळराव, गावानं आजवर शेंदराचा गोळा पाहिला. शेंदूर उतरल्यावर तुम्ही इथं फिरकला नाहीत, असं तुम्हीच म्हणालात. मग सकाळी मला डोळे मिटलेलं मुंडकं म्हणून कसं सांगितलंत? मुनीबला तोडफोड करायची असती तर त्यानं ठसा कशाला जपला असता? विशाखाचा तर शोधच त्या शिरावर उभा होता. आणि गोजरबाईंकडे किल्ली नाही, शिवाय त्यांना तीळ नि कारळं यांतला फरक कळतो. तुम्हाला कळत नाही."

गोकुळरावांनी दाराकडे पाहिलं. तिथं तो तरुण अधिकारी उभा होता.

"मला खोटं वाटलं," ते अखेर म्हणाले. "म्हणून रात्री बघायला आलो. टॉर्च मारला. ते दोघं... एका आईची लेकरं दिसत होती. माझ्या वडिलांचं नाक आहे त्याला." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "लोक म्हणतील अभिमानापायी केलं. तसं नाही. मला कडुबा दिसला. वेशीत, मातीत पडलेला. हे खरं असेल तर मी त्या दिवशी कुणाचा फेटा उडवला? डोळे मिटून ते माझ्याकडंच बघत होतं, ताई. मी छिन्नी घेतली."

"आणि कारळं?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तेव्हाही कडुबाच दिसत होता का? घरी जाऊन डबा उघडलात, परत आलात आणि त्याच्या आईच्या नावानं पुरावा पेरलात! एवढं शांत डोकं कुठून आणलंत?"

गोकुळरावांनी खिशातून गाडीची किल्ली काढून पुढं केली. शिर त्यांच्या गाडीच्या डिकीत टॉवेलात गुंडाळलेलं सापडलं. पहाटे ते जायकवाडीच्या धरणात टाकायला निघाले होते आणि अर्ध्या वाटेवरून परत आले होते. का, ते त्यांनाही सांगता येईना.

६

मुनीबनं ते शिर दोन्ही हातांनी आणून गोजरबाईच्या मांडीवर ठेवलं. कवठाएवढं. म्हातारीनं त्याच्या कपाळावरून, मिटल्या डोळ्यांवरून हात फिरवला.

"लई गार हाय रे," एवढंच ती म्हणाली.

गोकुळराव पुढं झाले. गुडघे टेकून तिच्या पायांना हात लावायला वाकले. गोजरबाईनं पाय झटकन मागं घेतले.

"माझ्या पायाला शिवू नको. चाकणला जा. ज्याला पाडला त्याच्या पायाला हात लाव."

गुन्हा दाखल झाला. गोकुळराव जामिनावर सुटले आणि खरोखरच चाकणला गेले. कडुबानं दार उघडलं, त्यांना पाहिलं आणि लावून घेतलं. ते संध्याकाळपर्यंत बाहेर उभे राहिले. दार पुन्हा उघडलं नाही. वेशीवरून बोडक्यानं जायची ती रीत मोडल्याचं त्यांनी ग्रामसभेत स्वतःच्या तोंडानं सांगितलं. काही जण उठून गेले, काही बसून राहिले. मुनीबनं शिर परत जागेवर बसवलं. बिनपरवानगी ठसा घेतल्याबद्दल विशाखानं त्याला कडक शब्दांत समज दिली आणि तोच ठसा संग्रहालयात हात लावून बघण्यासाठी ठेवून घेतला.

घटस्थापनेला उघडायचं संग्रहालय दिवाळीनंतर उघडलं. रत्नमालाबाई त्या दिवशी मागच्याच दालनात होत्या. गोजरबाई आली. तिच्याबरोबर कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक पुरुष होता, बायको आणि लहान मुलगी घेऊन. त्यानं कुणाला नाव सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. तो वीरगळासमोर उभा राहिला. कितीतरी वेळ त्याची नजर घोडेस्वारावरून त्याच्या छातीशी धरलेल्या शिराकडे आणि परत वर जात राहिली.

मग त्यानं विशाखाला अगदी हळू विचारलं, "मॅडम, यातला आमचा कोणता?"

"ते शिर तुमच्या पूर्वजाचं, ही गावाची आठवण खरी असेल, तर दोघंही. भाऊ असावेत ते," विशाखा म्हणाली.

कडुबानं ऐकलं. आणि सगळ्यांदेखत तो त्या दोघांसमोर, तिथंच फरशीवर बसला.